नवलांक

शंभरपैकी चार. ईश्वरी गुरवला 'निवांतसारा'त एवढेच नवलांक पडल्याचं कळलं तेव्हा सिंदगावच्या कॉलेजात सगळ्यांना वाटलं, कुणीतरी एक शून्य खाल्लं असेल. चाळीस असतील. पण चारच होते. वर्षभर कॅन्टीनमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या आणि पोथीचं नाव 'निवांतसागर' सांगणाऱ्या पोरांनासुद्धा साठ-पासष्ट पडले होते. आणि जिला सातशे वर्षांपूर्वीची ती पोथी अख्खी तोंडपाठ, ती एम.ए.च्या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी नापास. शेऱ्याच्या जागी छापलं होतं, 'वाचन झालेले नाही. निबंध उसना.'

मराठीच्या विभागप्रमुख डॉ. उज्ज्वला दहिफळे यांनी तो निकाल दोनदा वाचला आणि फोन टेबलावर पालथा घातला. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. हे दीड वर्ष कुठलाही तमाशा न होता जावं, एवढंच त्यांनी देवाकडे मागितलं होतं. देवाला असल्या मागण्या ऐकू येत नाहीत, हे त्यांना तीस वर्षं पोथ्या शिकवून कळायला हवं होतं.

हा नवलांक काय आहे ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. निबंध यंत्राकडून लिहून घ्यायची सोय झाली, त्याला आता वीसेक वर्षं होत आली. सुरुवातीला प्राध्यापक मंडळींनी चोर पकडायचा प्रयत्न केला. पुढे चोर इतके झाले की साव पकडणं सोपं वाटायला लागलं. जुनं काव्य असो, एखादं दर्शन असो की धर्मग्रंथ, मुलं असे निबंध आणून द्यायची की वाचून आपणच चार गोष्टी शिकाव्यात. आणि वर्गात त्यातलाच एखादा प्रश्न विचारला की तोंडाकडे बघायची. शेवटी विद्यापीठानं निबंधावरून चोर ओळखायचा नाद सोडला आणि निबंध लिहिणाऱ्याच्या डोक्याकडे मोर्चा वळवला.

माणूस वाचत असतो तेव्हा त्याचा मेंदू डोळ्यांच्या पुढे धावत असतो. पुढचा शब्द कोणता येणार, याचा तो सारखा अंदाज बांधतो. 'गाय दूध' एवढं वाचलं की 'देते' तयारच असतं. तिथे 'देते'च्या जागी 'मागते' आलं की अंदाज फसतो, आणि साधारण अर्ध्या सेकंदाच्या आत मेंदूत विजेची एक बारीक लहर उठते. अक्षरं नुसती डोळ्यांखालून गेली तर ती उठत नाही. अर्थ लागत असेल तरच उठते. शास्त्रज्ञांना हे गेल्या शतकापासून ठाऊक होतं. नवीन एवढंच झालं, की ती लहर टिपायला आता डोक्याला तारा चिकटवाव्या लागत नव्हत्या. कपाळाला बांधायचा एक पट्टा पुरत होता.

मुलानं परीक्षेच्या हॉलमध्ये पट्टा बांधून ग्रंथातला नेमलेला भाग वाचायचा. कुठल्या शब्दापाशी त्याच्या मनात नवल उठलं, ते पट्टा टिपणार. मग तो आलेख एका जाणत्या वाचकाच्या आलेखाशी ताडून बघायचा. जाणत्याला जिथे नवल वाटलं तिथे मुलालाही वाटलं असेल, तर त्यानं खरंच वाचलंय. मग त्याचा निबंध तपासायला घ्यायचा. या जाणत्याच्या आलेखाला 'प्रमाणवाचन' म्हणत. विद्यापीठात प्रत्येक ग्रंथाचं एकेक प्रमाणवाचन ठेवलेलं होतं आणि 'निवांतसारा'चं होतं डॉ. उज्ज्वला दहिफळे यांच्या नावावर.

ईश्वरी त्या दिवशी कॉलेजात फिरकली नाही. संध्याकाळी मात्र ती मॅडमच्या घरी आली, कारण गुरुवार होता. दर गुरुवारी ती येऊन मॅडमच्या यजमानांना, म्हणजे प्रभाकररावांना, पोथी वाचून दाखवायची. प्रभाकरराव एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. मूत्रपिंडं निकामी झाल्यामुळे आठवड्यातून तीनदा त्यांचं रक्त यंत्रातून धुऊन आणावं लागे. प्रयोगशाळेत वाढवलेलं नवं मूत्रपिंड बसवतात म्हणे आता, पण तेवढं मोठं ऑपरेशन त्यांच्या हृदयाला झेपणार नव्हतं. जन्मभर गाड्या सुटायच्या वेळा पुकारल्या. आता आपल्या गाडीची वेळ कुणी सांगत नाही, असं ते हसत म्हणायचे. उज्ज्वलाबाईंना ते हसणं सहन व्हायचं नाही.

"या पंडितबाई," प्रभाकरराव म्हणाले. "चार पडले म्हणे?"

"होय काका. त्येवढे तरी कशाचे पडले काय की." ईश्वरी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसली आणि नेहमीसारखा त्यांचा हात हातात घेतला. तो हात सदा गार असायचा. ती तो धरून ठेवायची आणि वाचन संपेपर्यंत तो जरा उबदार व्हायचा.

ती वाचायची म्हणायचं एवढंच. पोथी मांडीवर मिटलेलीच असे. तिचे वडील रंगनाथ गुरव महादेवाच्या देवळात श्रावणभर 'निवांतसार' लावायचे. तिकडे पोथी लावायची रीत अशी, की एकानं ओवी वाचायची आणि समोरच्यानं तिचा अर्थ सांगायचा. पहिला वाचक, दुसरा सूचक. ओवीचा शेवटचा चरण आला की बसलेल्या सगळ्यांनी मिळून म्हणायचा. ईश्वरी सात वर्षांची असल्यापासून बापासमोर सूचक म्हणून बसत होती. पहिल्या वर्षी तिनं काय अर्थ सांगितले ते महादेवालाच ठाऊक. पण दर वर्षी अर्थ बदलत गेला, वाढत गेला. दोन वर्षांपूर्वी बाप गेला, तेव्हापासून देवळात वाचकही तीच आणि सूचकही तीच. परीक्षेला दिलेला निबंध म्हणजे तिचे ते पंधरा वर्षांचे अर्थच होते.

तिनं डोळे मिटून अकरावा अध्याय सुरू केला. गावात कुणी गेलं की दहाव्याला संध्याकाळी हाच अध्याय वाचतात.

*घट फुटला, आकाश फुटेना । पाणी सांडले, ओल आटेना ।*
*गेले माणूस, माया सुटेना । नवल हेचि जाणावे ॥*

*ओल धरोनी राहे माती । तेथेचि कोंब फिरोनि येती ।*
*म्हणोनि रडत्या लोकांप्रती । रडू नको म्हणो नये ॥*

"रडू नको म्हणो नये," प्रभाकररावांनीही तिच्या सुरात सूर मिळवला. दारात उभ्या असलेल्या उज्ज्वलाबाईंना वाटलं, आपण या घरात पाहुण्या आहोत.

चहा देताना त्यांनी ईश्वरीला विचारलं, "पट्टा नीट बांधला होतास ना?"

"नीटच होता की वो मॅडम." ती हसली, पण डोळे सुजलेले होते. "मला एक सांगा. आपल्याच घरात शिरताना कुणाला नवल वाटतं का? इथं उंबरा आला, इथं देवळी आली, असं दचकत जातं का कुणी? मग मला कसं वाटावं? आन् म्हणून ते घर माझं नाहीच म्हणायचं का?"

पोरीचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. जो शब्द आधीपासून मनात आहे त्याच्यापाशी अंदाज फसणारच नाही. लहर उठणारच नाही. पट्ट्याला कोरं डोकं आणि काठोकाठ भरलेलं डोकं सारखंच दिसतं.

नापास होण्यावर भागलं असतं तर गोष्ट वेगळी. पण 'निबंध उसना' हा शिक्का एकदा बसला की पाच वर्षं कुठल्याही विद्यापीठाची दारं बंद. ईश्वरीची संशोधनाची शिष्यवृत्ती गेलीच होती. तिची आई देवळासमोर बेल-फुलं विकून लेकीच्या नावापुढे डॉक्टर लागायची वाट बघत होती. नियमात दोनच वाटा होत्या. तीन महिन्यांनी एकदाच फेरचाचणी द्यायची, नाहीतर प्रमाणवाचनालाच आव्हान द्यायचं.

आणि या दुसऱ्या वाटेच्या तोंडाशी उज्ज्वलाबाईंचं स्वतःचं भूत बसलेलं होतं.

कॉलेजात कुठलंही काम अडलं की ते तासिकेवाल्या प्राध्यापकाच्या गळ्यात घालायची जुनी रीत आहे. तासिकेवाला म्हणजे तासागणिक पगार मिळणारा, कायम न झालेला मास्तर. झाडं लावायची आहेत, तासिकेवाला. पाहुण्यांना आणायला स्टँडवर जायचंय, तासिकेवाला. त्याला नाही म्हणता येत नाही, कारण पुढच्या वर्षी त्याला घ्यायचं की नाही ते आपण ठरवतो. चार वर्षांपूर्वी कॉलेज तपासायला समिती येणार होती. उज्ज्वलाबाई फायलींत गळ्यापर्यंत बुडालेल्या होत्या आणि प्रमाणवाचन देण्याची शेवटची तारीखही नेमकी तीच होती. समोरून भूगोलाचा विश्वंभर तुपे चालला होता.

"विश्वंभर, जरा पट्टा बांधून बसता का हो? नुसतं वाचायचंय."

विश्वंभर बसला. त्यानं आयुष्यात पहिल्यांदा 'निवांतसार' उघडलं आणि त्याला ओवीओवीला नवल वाटलं. आलेख असा देखणा आला की विद्यापीठानं कौतुकाचं पत्र पाठवलं, डॉ. दहिफळे यांच्या नावे. तेव्हापासून सगळ्या विद्यापीठातली मुलं एका भूगोलाच्या मास्तरच्या पहिल्या वाचनाशी ताडून बघितली जात होती. ज्यानं पोथी आधी उघडूनच बघितली नाही आणि थेट परीक्षेच्या हॉलमध्ये पाहिली, त्याचा आलेख उत्तम जुळायचा. थोडाफार अभ्यास करून आलेल्याला चाळीस-पंचेचाळीस पडायचे. त्याला 'लक्ष देऊन वाचत जा' असं सांगितलं जायचं. तोंडपाठ असलेलं कुणी चार वर्षांत आलंच नव्हतं, म्हणून हे झाकून राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये विश्वंभर आपणहून त्यांच्या टेबलाशी आला. वय चाळिशीला टेकलेलं, बारा वर्षं तासिकेवर काढलेली. यंदा कुठे कायम व्हायची चिन्हं दिसत होती.

"मॅडम, ईश्वरीचं ऐकलं. मी लिहून देतो, ते वाचन माझं होतं म्हणून."

"बसा आधी," उज्ज्वलाबाईंनी इकडेतिकडे बघितलं. "तुमची फाइल संस्थेच्या टेबलावर आहे. हे बाहेर आलं तर ती तिथूनच परत येईल. मुलगी केवढी झाली तुमची?"

"पहिलीत जाईल आता."

"मग?"

विश्वंभर खुर्चीच्या कडेला टेकला. "पण मॅडम, मी फसवलं नाही हो. मी खरंच वाचलं होतं. त्या 'ओल आटेना'पाशी मला आई आठवली. घरी जाताना पोथी विकत घेतली मी. अजून वाचतो रोज रात्री थोडी. आता तसं दचकायला होत नाही, पण बरं वाटतं."

त्याच्याबद्दल उज्ज्वलाबाईंना एकदम माया वाटली आणि त्याच क्षणी रागही आला. हा माणूस खोटा असता तर किती सोपं झालं असतं.

त्यांनी त्याला गप्प बसवलं आणि तो बसला. त्याच्यासाठी बसवलं, असं त्या स्वतःला सांगत होत्या आणि त्यात निम्मं खरं होतं. उरलेलं निम्मं वेगळंच होतं. प्रमाणवाचन रद्द झालं असतं तर नवं त्यांनाच द्यावं लागलं असतं. त्याच दिवशी सकाळी विभागात कुणी नसताना त्यांनी पट्टा बांधून बघितला होता. 'निवांतसारा'ला नऊ पडले. चला, म्हणजे आपण ईश्वरीच्या पंगतीतल्या, असं वाटून त्यांचा जीव सुखावला. मग सहज म्हणून त्यांनी यंदाच अभ्यासक्रमाला लागलेली, प्रमाणवाचन झालेली पण स्वतः कधी न वाचलेली एक कथा पट्ट्यावर वाचली. तिथे अकरा पडले. त्यांनी पट्टा काढून कपाटात ठेवला, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. काठोकाठ भरलेलं आणि कोरं, पट्ट्याला सारखंच दिसत असेल. ज्याचं त्याला कळतं.

तेव्हा उरली पहिली वाट. ईश्वरीला पट्ट्याजोगी करायची.

प्रमाणवाचनात कुठल्या शब्दांपाशी लहर उठली होती, ते उज्ज्वलाबाईंना बघता येत होतं. पंचवीस-तीस जागा होत्या. तेवढ्या जागी ईश्वरीचं मन दचकलं की काम झालं. रोज दुपारी दोघी स्वयंपाकघरात बसायच्या. ईश्वरीच्या कपाळाला विभागाच्या कपाटातून आणलेला पट्टा, समोर पोथी, आणि मॅडमच्या हातात बर्फाच्या पाण्यात बुडवलेला स्टीलचा चमचा. ती जागा आली की चमचा मनगटाला टेकवायचा.

आठवडाभर अंक चढले. मग तिला चमच्याचीही सवय झाली आणि अंक परत घसरले.

"माझं डोकंच दगडाचं हाय," ईश्वरी वैतागली. "दोन दिवसांत सगळ्याला सरावतं."

"ज्याला अजून सरावलं नाही असं काय आहे?" उज्ज्वलाबाईंनी विचारलं. विचारताना त्या चमचा पुसत होत्या, म्हणून त्यांना तिचा चेहरा दिसला नाही.

ईश्वरीनं पोथी मिटली. मग म्हणाली, "बाबांचा हात. सकाळी चहा घेऊन उठवाय गेले. बाबा उठा म्हणून हात धरला, तर गार. एवढा गार असतो माणसाचा हात, मला ठावंच नव्हतं मॅडम. त्ये आठवलं की अजून तसंच होतं. पहिल्यांदा झालं तसंच."

उज्ज्वलाबाई चमचा पुसायच्या थांबल्या. इथेच सगळं सोडून द्यावं असं त्यांच्या मनात आलं. पण फेरचाचणीला महिना राहिला होता.

"मग चमचा लागला की तेच आठवायचं," त्या म्हणाल्या.

"वाचताना?"

"त्या जागा आल्या की. बाकी वेळी नाही."

तिनं मान हलवली. हुशार मुलगी, कुठलंही काम मनापासून करणारी. चमचा, ओल, हात. चमचा, आकाश, हात. पंधरा दिवसांनी चमच्याची गरज उरली नाही. शब्द समोर आला की तिचं मनगट आपोआप आखडायचं आणि पट्ट्याला जोडलेल्या पडद्यावर रेघ उसळी मारायची. त्या रेघेकडे बघताना उज्ज्वलाबाईंना, खोटं कशाला बोला, आनंदच व्हायचा.

प्रभाकरराव एकदा भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि उभे राहून बघत राहिले.

"काय चाललंय गं हे? पोथीत सापळे लावतेस काय पोरीसाठी?"

"अहो, तिचं वर्ष वाचवतेय मी."

"वाचव. पण ती त्या पोथीत राहते गं. आपल्याच घरात सापळे लावलेल्या माणसानं पाय कुठं ठेवायचा?"

"तुम्ही आत जाऊन पडा बघू. डॉक्टरांनी उभं राहू नका म्हटलंय." त्यांचा आवाज चढला होता. प्रभाकरराव गेले. तो महिना अभ्यासामुळे गुरुवारचं वाचनही बंदच होतं आणि त्यांनी त्याबद्दल एकदाही विचारलं नाही.

फेरचाचणीत ईश्वरीला एक्क्याण्णव पडले. इतके आजवर कुणालाच पडले नव्हते. मग तिचा निबंध तपासायला घेतला गेला, त्यालाही पहिला क्रमांक मिळाला. शिक्का पुसला गेला, शिष्यवृत्ती परत आली. कॉलेजनं शाल-श्रीफळ दिलं. ईश्वरीची आई फुलांची पाटी बाजूला ठेवून पहिल्या रांगेत येऊन बसली होती. विश्वंभर सगळ्यात मागे उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याची कायम झाल्याची ऑर्डर त्याच आठवड्यात निघाली होती.

सत्काराच्या मागोमाग विद्यापीठाकडून निरोप आला. 'निवांतसारा'चं प्रमाणवाचन जुनं झालं आहे. इतका स्पष्ट आलेख आजवर मिळालेला नाही. तेव्हा पुढच्या वर्षापासून कु. ईश्वरी रंगनाथ गुरव हिचंच वाचन प्रमाण मानलं जाईल. विभागप्रमुखांची संमती हवी.

उज्ज्वलाबाईंनी संमती दिली. नाही म्हणायचं तर काय म्हणून म्हणणार होत्या? विश्वंभरचं वाचन आता कायमचं पुसलं जाणार होतं. भूत गेलं, निवृत्ती निर्वेध झाली. फक्त एकदाच त्यांच्या मनात आलं, की आता पुढच्या वर्षी जिल्ह्याजिल्ह्यांतली हजारो पोरं परीक्षेला बसतील, आणि त्यांनी पोथी खरंच वाचली की नाही, हे एका मुलीनं बापाचा गार हात कुठे कुठे आठवला होता त्यावरून ठरेल. त्यांनी तो विचार पुढे जाऊ दिला नाही. त्या दिवशी प्रभाकररावांना दवाखान्यात न्यायचं होतं.

दवाखान्यातून परत आल्यावर प्रभाकरराव चांगलेच खचले. रक्त धुण्याचं यंत्र आता त्यांना सोसत नव्हतं. डॉक्टरांनी उज्ज्वलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरीच ठेवा, जे खावंसं वाटेल ते द्या. त्यांना काहीच खावंसं वाटत नव्हतं. गुरुवार उजाडला तेव्हा म्हणाले, "ईश्वरीला बोलावतेस का? तेवढा अकरावा ऐकला असता."

ईश्वरी शाळा सुटल्यासारखी धावत आली. संशोधनासाठी ती पुढच्या आठवड्यात शहरात जाणार होती, नव्या चपला घातल्या होत्या. पलंगाशी खुर्ची ओढून तिनं काकांचा हात हातात घेतला.

"सुरू करू का काका?"

"कर, लेकरा."

तिनं डोळे मिटले. पहिल्या काही ओव्या नीट आल्या. आवाज तोच, देवळातला, जरा कापरा. उज्ज्वलाबाई पायथ्याशी बसल्या होत्या. आज त्यांनाही ऐकावंसं वाटत होतं. किती वर्षांनी, त्यांना आठवत नव्हतं.

*घट फुटला, आकाश...*

ईश्वरीचं मनगट आखडलं. ती अडखळली, पण तिनं पुन्हा धरलं.

*...आकाश फुटेना । पाणी सांडले, ओल*

तिनं हात झटकला. चटका बसल्यासारखा झटकला. प्रभाकररावांचा हात चादरीवर पडला आणि तसाच राहिला.

"काका..." ती उठून उभी राहिली होती. रंग उडाला होता तोंडाचा. "काका, मी मुद्दाम नाही वो केलं. मला... मला वाटलं..."

"माझा हात गारच असतो गं," प्रभाकरराव म्हणाले. त्यांनी दुसऱ्या हातानं तो हात उचलला आणि हळूच चादरीखाली घेतला. "तुझी काय चूक? बस तू."

ती बसली. पुन्हा सुरू करायला तिनं तोंड उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं. प्रत्येक वेळी 'ओल'पाशी येऊन तिचं अंग आकसायचं आणि पुढचे शब्द जायचे. ज्या घरात ती डोळे मिटून वावरत होती, तिथे तिला आता उंबरा सापडत नव्हता. "देवळातबी असंच होतंय मॅडम," ती उज्ज्वलाबाईंकडे बघून म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "सोमवारी आईनं दिवा लावला, मी बसले, आन् अध्यायभर नुसते बाबाच मरत राहिले. मला वाटलं, चार दिवसांनी जाईल. जाईल ना?"

"जाईल," उज्ज्वलाबाई म्हणाल्या. ज्याला मन कधीच सरावत नाही, तेच त्यांनी शोधून शोधून निवडलं होतं.

ईश्वरी तोंडाला ओढणी लावून रडायला लागली. प्रभाकरराव छताकडे बघत पडले होते. इतकी वर्षं ते शेवटचा चरण म्हणणाऱ्यांतले. वाचायचं काम दुसऱ्याचं. आता त्यांनीच घसा साफ केला आणि सावकाश, श्वास पुरेल तसं म्हणायला लागले.

"ओल धरोनी राहे माती... तेथेचि कोंब... फिरोनि येती..." थोडं थांबून त्यांनी दम घेतला. "म्हणोनि... रडत्या लोकांप्रती..."

इथे ते थांबले. रीतीप्रमाणे शेवटचा चरण बसलेल्यांनी म्हणायचा असतो. ते वाट बघत राहिले. ईश्वरीचं डोकं गुडघ्यांत होतं. उज्ज्वलाबाईंनी तोंड उघडलं. तीस वर्षं त्यांनी या ओवीवर टिपणं सांगितली होती, छंद सांगितला होता, रूपक सांगितलं होतं, प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. तोंडात शब्द आला नाही.

प्रभाकररावांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"थांबा हं," उज्ज्वलाबाई म्हणाल्या आणि पोथी शोधायला उठल्या.